गाडी तीच, इंजिन दुसरं

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं होतं, "सर्व्हर क्लाउडवर नेला असं सगळे म्हणतात, पण नेमकं काय उचलतात आणि कुठं ठेवतात?" प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या उत्तराला साठ वर्षांचा इतिहास आहे. मी तो खर्डीपासून सांगणार आहे.

खर्डी म्हणजे शहापूर तालुक्यातलं, कसाऱ्याच्या अलीकडचं स्टेशन. 1861 साली रेल्वे कसाऱ्यापर्यंत पोचली, 1865 साली थळ घाट चढून इगतपुरीला गेली. चढ असा की 37 फुटांमागे एक फूट उंची. म्हणून कसाऱ्याला गाडीला जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. पण आपल्या कामाची गोष्ट पुढची आहे. कित्येक वर्षं इगतपुरीच्या अलीकडे तारांत 1,500 व्होल्टचा डीसी प्रवाह होता आणि पलीकडे 25,000 व्होल्टचा एसी. एका प्रवाहाचं इंजिन दुसऱ्यावर चालत नसे. मग इगतपुरीला इंजिन काढायचं, दुसरं जोडायचं. डबे तेच, सामान तेच, वरच्या बर्थवरचा माणूस झोपलेलाच.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे हे डबे. खालचं यंत्र बदललं तरी वरच्याला पत्ता लागू नये, ही त्यातली मूळ कल्पना.

ती सुचली आयबीएमच्या लोकांना, 1960 च्या दशकात. तेव्हाचा संगणक भयंकर महाग, वापरणारे मात्र अनेक. मग त्यांनी असा प्रोग्रॅम लिहिला, की प्रत्येकाला वाटावं अख्खं यंत्र माझ्या एकट्याचं आहे. 1972 साली व्हीएम/370 या नावानं तो बाजारात आला. पुढं स्वस्त पीसी आले, ज्याचं त्याला मशीन मिळालं, आणि ही युक्ती मागे पडली. 1998 साली व्हीएमवेअर कंपनी निघाली आणि तिनं पुढच्याच वर्षी हीच युक्ती साध्या पीसीवर करून दाखवली. यानंतर सर्व्हर ही वस्तू राहिली नाही. काही फायली झाल्या. आणि फाईल म्हटली की तिची नक्कल होते, ती दुसरीकडे नेता येते.

तीही चालू असताना! 2003 साली व्हीएमवेअरनं हे आणलं. 2005 साली केंब्रिजच्या संशोधकांनी आपली पद्धत निबंधात मांडली, ती समजायला सोपी आहे. चालू दुकान हलवताना आधी सगळा माल नव्या जागी नेऊन ठेवायचा. तोवर जुन्या दुकानात जे बदललं, तेवढंच परत न्यायचं. पुन्हा बदललं, पुन्हा न्यायचं. शेवटी मूठभर उरलं की क्षणभर शटर ओढायचं आणि नव्या जागी उघडायचं. त्यांनी एका खेळाचा सर्व्हर, लोक खेळत असताना, असा हलवला. बंद राहिला 60 मिलिसेकंद. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

मात्र हे एकाच मालकाच्या, एकमेकांना जोडलेल्या यंत्रांत जमतं. क्लाउड म्हणजे परक्याचं घर. 2006 साली अॅमेझॉननं अशी मशीनं तासाच्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. 2015 साली मायक्रोसॉफ्टची केंद्रं पुणे, मुंबई आणि चेन्नईत आली, 2016 साली अॅमेझॉनचं मुंबईत. जानेवारी 2018 मध्ये महाराष्ट्र सरकारनं सार्वजनिक क्लाउडचं धोरण जाहीर केलं. सरकारी खात्यांच्या माहितीला तालुक्याबाहेरचा, नव्हे सरकारच्या इमारतीबाहेरचा रस्ता मोकळा झाला.

आमच्याकडं याचा अर्थ काय होता, ते सातबाऱ्यावरून कळतं. आधी तो तलाठ्याच्या दप्तरात होता, मग तहसीलच्या संगणकात आला. 2017 साली गावोगाव चावडी वाचन झालं, संगणकातल्या नोंदी लोकांना वाचून दाखवल्या. 1 मे 2018 पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला. याच सुमारास शहापुरात समृद्धी महामार्गासाठी जमिनी घेतल्या जात होत्या. उताऱ्यावर नाव आहे की नाही, यावर घराघराचा मोबदला ठरत होता. अशा वेळी सर्व्हर न उघडणं ही काही तांत्रिक तक्रार नसते.

आणि शहापूरकराला "इथलं तिकडं गेलं" याचा अनुभव जुना आहे. तानसाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातंय, पुढं भातसाचंही गेलं. मुंबईकराच्या घरात नळ आला, ते चांगलंच झालं. धरणाशेजारच्या पाड्यांवर मात्र उन्हाळ्यात टँकर येतो. म्हणून डेटा "वर" जाणार म्हटलं की आमचे लोक आधी विचारतात, परत आमच्यापर्यंत येणार कसा? मला हा प्रश्न अडाणीपणाचा अजिबात वाटत नाही. क्लाउडवरची मशीन चोवीस तास चालू असते. गावातली वीज आणि इंटरनेटची लाइन गेली, तर ती असून नसल्यासारखी.

आता एक घरचं उदाहरण. याच पट्ट्यातल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर क्लाउडवर नेताना मी मदतीला होतो. डिस्कची फाईल मोठी, लाइन बारीक. नक्कल दोन रात्री चालली. तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन तिकडं सुरू झाली, आम्ही चहा मागवला. हिशेबाचं सॉफ्टवेअर काही उघडेना. दुपारी उलगडा झाला. त्या सॉफ्टवेअरचं लायसन एका यूएसबी डोंगलमध्ये होतं, आणि डोंगल जुन्या सर्व्हरच्या पाठीमागं लावलेला. फायली वर गेल्या होत्या, डोंगल कसा जाणार? यादी मीच केली होती. तिच्यात सगळं होतं, हा बोटाएवढा तुकडा नव्हता.

नवं लायसन यायला आठ दिवस लागले. तोवर कॅशियर मॅडमनी कपाटातली कीर्द काढली आणि हातानं नोंदी केल्या. एकाही खातेदाराला परत पाठवलं नाही. पुढं सगळं सुरळीत झालं. जुना सर्व्हर मात्र अजून त्या कोपऱ्यात आहे. वर त्यांनी कागद चिकटवलाय, "विचारल्याशिवाय हलवू नये."