नाण्याची पारख आणि नोटेची पारख



मी भाषेचा विद्यार्थी. पैशाशी माझा संबंध शब्दांपुरता. पण खऱ्याखोट्या पैशाच्या पारखीचा बराचसा इतिहास शब्दांतच साठलेला आहे. 'पोतदार' हे आज आडनाव असले तरी मुळात तो हुद्दा होता. फारसी 'फोतेदार' या शब्दापासून आलेला. खजिन्यात भरणा होताना नाणी पारखून घेणारा तो पोतदार. वजन, कस आणि आवाज या तिन्हींवर त्याचे लक्ष असे. दगडावर टाकलेला चोख रुपया जसा वाजे, तसा तो 'खणखणीत'. सराफ संशयित नाण्यावर ठसा मारून आत तांबे आहे की रुपे हे पाहत. जुन्या रुपयांवर अशा खुणा आजही दिसतात.

तांब्यावर मुलामा चढवलेली निव्वळ लबाडी सोडली, तर झिजलेले वा हिणकस नाणे अगदीच वाया जात नसे. त्यावर बट्टा बसे. जेवढे रुपे कमी तेवढी वजावट. नावाला बट्टा लागतो तो याच हिशेबातून.

१८३५ मध्ये कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा, बारा भागांत अकरा भाग रुपे असलेला एकसारखा रुपया काढला. यंत्रावर पाडलेला तो 'कलदार'. आपल्या हैदराबादेत मात्र निजामाचा 'हाली' चालूच राहिला. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब इथल्या वाण्याला तोंडपाठ असे. १९१८ पासून संस्थानाच्या कागदी नोटा आल्या; त्यांवर किंमत मराठीतही छापलेली असे.

कागदाने पारखीचा पायाच बदलला. नोटेला बट्टा नाही. पाचशेची नोट खरी असेल तर पाचशे, खोटी असेल तर शून्य. बँकेत भरलेली नोट बनावट ठरली की तिच्यावर शिक्का मारून ती ठेवून घेतात. पावती मिळते, पैसे मिळत नाहीत. एका भरण्यात अशा पाच नोटा निघाल्या तर प्रकरण पोलिसांकडे जाते. जाणूनबुजून ती पुढे खपवणे हा तर गुन्हाच. म्हणजे प्रामाणिक मनुष्यच पूर्ण तोटा सोसतो. पोतदाराला पारखीचा पगार होता. आजचा किराणा दुकानदार तेच काम गर्दीच्या वेळी, फुकट आणि स्वतःच्या जोखमीवर करतो.

भरपाई द्यावी असे मी म्हणणार नाही. तसे झाले तर खोट्या नोटांनाच बाजारभाव येईल. परंतु पारख शिकवता येते. पाचशेची नोट तिरपी केली की सुरक्षा धाग्याचा रंग हिरव्यातून निळा होतो, उजेडासमोर धरली की जलचिन्हातले गांधीजी दिसतात, आणि दोन्ही कडांच्या पाच उठावदार रेघा बोटाला लागतात. गल्ल्यावरचे माझे काही माजी विद्यार्थी डोळ्यांपेक्षा बोटांवरच विसंबतात. शाळेच्या वाणिज्य वर्गात जमाखर्चाच्या आधी एक तास प्रत्यक्ष नोट हातात देऊन घ्यावा, एवढी सूचना मी व्यवस्थापनापुढे ठेवतो.