डॅफ्नीचे मौन

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्याच रात्री मायापूर नावाच्या एका काल्पनिक गावात, बीबीघर बागेत, एक गोरी मुलगी आपल्या भारतीय प्रियकराला भेटते. ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या 'द ज्युएल इन द क्राउन' (१९८४) या १४ भागांच्या मालिकेचे सारे नाट्य या भेटीतून सुरू होते. मूळ कथा पॉल स्कॉट यांच्या चार कादंबऱ्यांची.

हरी कुमार इंग्लंडमध्ये वाढलेला, हिंदी धड न येणारा. त्या रात्री काही अनोळखी माणसे दोघांवर तुटून पडतात; डॅफ्नीवर बलात्कार होतो. शुद्धीवर येताच ती हरीकडून वचन घेते, आपण भेटलोच नव्हतो असे सांगायचे. 'हा माझा प्रियकर, गुन्हेगार नव्हे' हे तिचे म्हणणे कुणी मानणार नाही, हे तिला पक्के ठाऊक असते. तिने लग्नाला नकार दिलेला पोलीस अधिकारी मेरिक हरीला पकडतो, छळतो. हरी वचनाला जागून गप्प राहतो. डॅफ्नी त्याच्याविरुद्ध बोलत नाही म्हटल्यावर तिच्यासाठी हळहळणारी गोरी मंडळीच तिच्याकडे पाठ फिरवतात.

बीबीघर हे नाव स्कॉट यांनी उगाच घेतलेले नाही. १८५७ साली कानपूरच्या बीबीघरात इंग्रज बायकामुलांची कत्तल झाली आणि तेव्हापासून गोऱ्या स्त्रीची अब्रू म्हणजे साम्राज्याची अब्रू ठरली. १८८३ मध्ये भारतीय न्यायाधीशांना युरोपियनांवर खटले चालवू देणाऱ्या इल्बर्ट विधेयकाविरुद्ध हेच भय उभे केले गेले. १९१९ मध्ये अमृतसरला मार्सेला शेरवूड या मिशनरी बाईंवर हल्ला झाला. त्यांना वाचवले तेही भारतीयांनीच. तरी जनरल डायरने त्या गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येक भारतीयाला पोटावर सरपटायला लावले. बाईंना काय वाटते, हा प्रश्नच नव्हता!

सलमान रश्दी यांनी १९८४ मध्येच या कथेवर झोड उठवली. राज्यकर्त्यांनी देश लुटला, मग बलात्काराचे रूपक गोऱ्या स्त्रीवर का, असा त्यांचा आक्षेप. तो बिनतोड आहे. पण डॅफ्नी मला नुसते रूपक वाटत नाही. तिचे रक्षण करणाऱ्यांना तिची साक्ष हवी असते, तिचे म्हणणे नको असते.

पुढे ती मुलीला जन्म देऊन मरते. हरीवर बलात्कार सिद्ध होईना, म्हणून त्याला राजकीय कैदी ठरवून खटल्याविना डांबले जाते.