घरात ठेवायला छोटा टेबल रेडिओ घ्यायचाय? विट्याच्या हिशोबाने रेंज आणि आवाज असा तपासा

रेडिओ घेताना बहुतेक जण आधी दिसणं बघतात, मग ब्लूटूथ आहे का ते विचारतात आणि शेवटी किंमत. रेंजचा विचार रेडिओ घरी आल्यावर होतो. पण रेडिओच्या बाबतीत तुम्ही कुठे राहता, हाच पहिला प्रश्न आहे. पुण्यात उत्तम चालणारा सेट विट्यात नुसता खरखरू शकतो, आणि त्यात सेटचा काहीच दोष नसतो. म्हणून हा लेख मी विटा डोळ्यासमोर ठेवून लिहितोय. खानापूर, आटपाडी, कडेगाव, पलूस या भागांतही जवळपास हाच हिशोब लागू होईल.

मोबाईल असताना रेडिओ कशाला?

प्रश्न रास्त आहे. आकाशवाणीच्या 'न्यूज ऑन एअर' ॲपवर देशभरातली स्टेशनं ऐकता येतात. गलाईच्या धंद्यासाठी तामिळनाडू, केरळात गेलेल्या आपल्याकडच्या लोकांसाठी तर हे ॲपच बरं, कारण तिथवर सांगलीची लहर पोचणार नाही. डेटाही फार जात नाही. ६४ केबीपीएसचं प्रसारण तासाला साधारण २९ एमबी खातं.

पण ॲपला नेटवर्क लागतं आणि फोनला चार्जिंग. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस, वाळवा, मिरज या तालुक्यांतल्या कित्येक गावांना पाण्याने वेढलं होतं. अशा वेळी वीज जाते, टॉवर बंद पडतात आणि फोन दुसऱ्या दिवशी मान टाकतो. सेलवर चालणाऱ्या रेडिओला यातलं काहीच लागत नाही. दूरचा एक ट्रान्समीटर चालू असला की पुरे. शिवाय घरातल्या आजी-आजोबांना ॲप उघड, अपडेट कर, लॉगिन कर असलं काही नको असतं. एक बटण फिरवलं की आवाज आला पाहिजे.

फोनमधल्या एफएमचं काय? बऱ्याच फोनच्या चिपमध्ये एफएमची सोय असते, पण कंपन्या ती चालू ठेवतातच असं नाही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाईल कंपन्यांना ही सोय बंद करू नका, असं कळवलं होतं. तुमच्या फोनमध्ये एफएम असेल तर चांगलंच. फक्त इअरफोनची वायर हीच त्याची अँटेना असते, हे लक्षात ठेवा. वायरलेस बड्स लावून तो चालत नाही.

आधी यादी करा: विट्यात काय लागू शकतं?

• आकाशवाणी सांगली: १९६३ पासूनचं केंद्र. मध्यमलहरीवर, म्हणजे एएमवर, त्याची ओळख १२५१ किलोहर्ट्झ. विट्यापासून सरळ रेषेत साधारण ४५ किलोमीटर, जवळपास थेट दक्षिणेला.
• आकाशवाणी कोल्हापूर: एफएम १०२.७. सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटर.
• आकाशवाणी सातारा: एफएम १०३.१. अंतर साधारण तेवढंच, पण वायव्येला.
• सांगली-कोल्हापूरची खासगी एफएम स्टेशनं, उदाहरणार्थ कोल्हापूरचं टोमॅटो एफएम ९४.३.
• आकाशवाणी पुणे: एएम ७९२ किलोहर्ट्झ. अंतर दीडशे किलोमीटरच्या वर, त्यामुळे दिवसा क्षीण.

म्हसवडचं माणदेशी तरंग (९०.४) या यादीत मुद्दाम घेतलं नाही. ते सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. अशा केंद्रांना फार कमी शक्तीचं प्रसारण करायची परवानगी असते, साधारण दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत पोचेल एवढंच. ते विट्यात लागलं नाही म्हणून सेटला नावं ठेवू नका.

आणखी एक गोष्ट. आकाशवाणीने गेल्या काही वर्षांत देशभरातले बरेच जुने मध्यमलहरी ट्रान्समीटर बंद केले आहेत. त्यामुळे फक्त एएमसाठी पैसे घालण्याआधी शेजारी कुणाकडे जुना रेडिओ असेल तर त्यावर सकाळ, दुपार, रात्र असं तीन वेळा फिरवून बघा. तुमच्या घरात आज काय लागतं, ते त्यावरून लगेच कळेल.

एफएमची रेंज: सगळा खेळ उंचीचा

एफएमची लहर जवळपास सरळ रेषेत जाते. मध्ये डोंगर आला की अडते. शंभर मीटर उंच टॉवरवरून निघालेली लहर सपाट जमिनीवर ४० किलोमीटरच्या आसपास पोचते. ऐकणारा दहा मीटर उंचीवर, म्हणजे दोन मजली घराच्या गच्चीवर असेल, तर त्यात आणखी १२-१३ किलोमीटरची भर पडते. विटा कृष्णाकाठापेक्षा उंचावर आहे, हा आपला फायदा. तरी ७० किलोमीटरवरचं सातारा किंवा कोल्हापूर म्हणजे काठावरची गोष्ट. वरच्या मजल्यावर लागेल, खालच्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत लागेलच असं नाही.

म्हणून विट्यासाठी रेडिओ घेताना दोन गोष्टी बघा.

पहिली, ओढून लांब करायची दांडी अँटेना. एफएमची लहर सुमारे तीन मीटर लांबीची असते, आणि तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे ७५ सेंटिमीटर लांबीची दांडी सगळ्यात चांगलं काम करते. वीतभर अँटेना शहरात चालते, काठावरच्या रेंजमध्ये कमी पडते.

दुसरी, बाहेरची अँटेना जोडायची सोय. ही असेल तर सोन्याहून पिवळं. ७५-७५ सेंटिमीटरचे वायरचे दोन तुकडे आडव्या पट्टीवर समोरासमोर लावायचे आणि मधल्या टोकांपासून केबल खाली आणायची, झाली अँटेना. गच्चीवर तिची रुंद बाजू कोल्हापूरकडे किंवा साताऱ्याकडे केली की फरक लगेच ऐकू येतो.

ब्लूटूथ स्पीकरमध्ये 'एफएम' लिहिलेलं असतं, त्यावर भाळू नका. बऱ्याच स्पीकरमध्ये चार्जिंगची वायर हीच अँटेना असते. स्टेशन जवळ असेल तर ठीक, विट्यात ते गाळण भरवशाचं नाही.

एएमची रेंज: सेट फिरवा, अँटेना नाही

एएमसाठी बाहेरची दांडी कामाची नसते. सेटच्या आत काळ्या फेराइटची कांडी असते, तिच्यावर तार गुंडाळलेली असते. ती कांडी जितकी लांब, तितकी पकड चांगली. त्यामुळे अगदी खिशातल्या सेटपेक्षा वीतभर रुंद सेट एएमवर सरस ठरतो.

ही कांडी बहुतेक वेळा सेटच्या रुंदीला समांतर, आडवी बसवलेली असते. तिची टोकं ज्या दिशेला, तिकडून सगळ्यात कमी ऐकू येतं आणि तिच्या बाजूने सगळ्यात जास्त. सांगली विट्याच्या दक्षिणेला आहे, म्हणजे सेटचं तोंड दक्षिणेकडे किंवा उत्तरेकडे ठेवा. पूर्व-पश्चिम ठेवलात तर तोच सेट तेच स्टेशन निम्म्या जोराने देईल. हे फुकटचं ॲम्प्लिफायर आहे, वापरा.

विट्यातली खास अडचण म्हणजे विजेचा गोंगाट. यंत्रमागांच्या मोटारी, इन्व्हर्टर, स्वस्त एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर हे सगळे एएमवर खरखर सोडतात. एफएमला याचा त्रास फार कमी होतो. घर माग चालणाऱ्या गल्लीत असेल तर एएम सेलवरच ऐका आणि सेट चार्जर, टीव्ही, राउटर यांच्यापासून दोन-तीन मीटर लांब ठेवा. शंका आली तर एकेक दिवा बंद करून बघा, गुन्हेगार सापडतो.

ऑनलाइन मागवताना फसवणारी गोष्ट: स्टेप

डिजिटल आकडे दाखवणारा सेट ठराविक टप्प्यांनी पुढे सरकतो. भारतात एएम स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या टप्प्याने बसवलेली आहेत. १२५१ आणि ७९२ या दोन्ही आकड्यांना ९ ने पूर्ण भाग जातो, करून बघा. अमेरिकेत हा टप्पा १० चा आहे. फक्त अमेरिकेसाठी बनवलेला सेट ७९० वर थांबेल, नाहीतर ८०० वर. ७९२ नीट धरणार नाही.

एफएमवरही तसंच. तिकडचे सेट ०.२ मेगाहर्ट्झने उडी मारतात आणि ९०.३, ९०.५ असे विषमच आकडे दाखवतात. मग म्हसवडच्या आसपास राहणाऱ्याला ९०.४ सापडणारच नाही. मागवण्याआधी एएमला ९ ची आणि एफएमला ०.१ ची स्टेप निवडता येते का, एवढं बघा. आणि 'डॅब' किंवा 'डॅब प्लस' लिहिलेल्या महागड्या सेटवर पैसे घालू नका. युरोपात ते चालतं, आपल्याकडे त्या पद्धतीचं प्रसारण नाही. गोल काट्याचा जुन्या पद्धतीचा सेट असेल तर स्टेपचा प्रश्नच येत नाही.

आवाज: वॅटपेक्षा डबा महत्त्वाचा

खोक्यावर '२०० वॅट पीएमपीओ' असं दिसलं तर तो आकडा सोडून द्या. क्षणभरासाठी कागदावर काढलेला तो हिशोब असतो. 'आरएमएस' लिहिलेला आकडा बघा. स्वयंपाकघर किंवा झोपायच्या खोलीसाठी एक ते तीन वॅट आरएमएस भरपूर झाले.

चांगल्या आवाजासाठी तीन गोष्टी लागतात: स्पीकरचा आकार, डब्यातली हवा आणि डब्याचा कडकपणा. तीन इंची स्पीकर आणि जाड, न थरथरणारा डबा असेल तर छोटा सेटही भारदस्त वाजतो. जगभर गाजलेलं उदाहरण म्हणजे हेन्री क्लॉस यांनी आखलेला 'टिव्होली मॉडेल वन'. तो २००० साली आला. लाकडी डबा, एकच तीन इंची स्पीकर, समोर मोजकी बटणं. दोन स्पीकर, रंगीत दिवे यातलं काही नाही, तरी त्याचा आवाज नावाजला गेला. तोच घ्या असं मी म्हणत नाही, पण आवाज कशाने येतो ते त्यावरून समजतं.

एएमकडून फार अपेक्षा ठेवू नका. एफएमवर १५ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर येतात, एएमवर त्याच्या निम्मेही नाहीत. म्हणून गाण्यांसाठी एफएम, बातम्या आणि शेतीच्या कार्यक्रमांसाठी एएमही चालेल. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी घेत असाल तर 'बास' बघूच नका. बोलणं स्पष्ट कळतंय का, ते बघा.

सेल कुठला?

माझं मत सरळ आहे: सेट विजेवर आणि सेलवर, दोन्हीवर चालला पाहिजे. छोटा रेडिओ हळू आवाजात साधारण ५० मिलिअँपिअर वीज घेतो. २५०० मिलिअँपिअर-तासाचे चांगले अल्कलाइन पेन्सिल सेल त्यावर ५० तासांच्या आसपास टिकतात. मोठे जाड सेल त्याहून कितीतरी जास्त.

काही छोट्या सेटमध्ये बीएल-५सी बॅटरी असते. ही जुन्या नोकियाच्या फोनची बॅटरी, कुठल्याही मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मिळते. क्षमता हजार मिलिअँपिअर-तासाच्या आसपास. बॅटरी आत कायमची बसवलेला सेट मात्र टाळा. दोन वर्षांनी ती गेली की सेट नुसता शोभेचा उरतो.

मग घ्यायचा कुठला?

• आजी-आजोबांसाठी: गोल काटा, मोठी बटणं, एएम-एफएम, सेल आणि वीज दोन्ही. नावाजलेल्या कंपन्यांचे साधे सेट साधारण हजार ते अडीच हजारांत येतात.
• गाण्यांची आवड असेल तर: तीन इंची स्पीकर, भक्कम डबा, बाहेरच्या अँटेनाची सोय.
• दूरची स्टेशनं पकडायची हौस असेल तर: टेकसन पीएल-३३० किंवा एक्सएचडेटा डी-८०८ सारखे डीएसपी सेट. पकड चांगली, पण स्पीकर लहान.
• जुनी गाणीच ऐकायची असतील तर: सारेगामाचा कारवाँ २०१७ पासून मिळतो. पण तो मुळात गाणी भरलेला प्लेअर आहे, रेडिओ ही त्यातली जोड. रेंजसाठी तो घेऊ नका.

दुकानातली पाच मिनिटांची परीक्षा

१. दुकानाच्या आत, सेलवर, अँटेना पूर्ण ओढून १०२.७ आणि १०३.१ लावा. दोन्हीत फक्त ०.४ चा फरक आहे. एक ऐकताना दुसरं मध्ये घुसत असेल तर सेट नको.
२. एएमवर एखादं स्टेशन धरा आणि सेट गोल फिरवा. आवाज वर-खाली झाला तर आतली कांडी काम करते आहे.
३. बातम्या किंवा निवेदन लावून आवाज अर्ध्याच्या पुढे न्या. 'स' आणि 'श' फाटतात का, डबा थरथरतो का, ते ऐका.
४. आवाज अगदी कमी करा. रात्री उशाशी ऐकताना गुणगुण येणार असेल तर ती इथेच कळेल.
५. सेलचं झाकण उघडून बघा. तकलादू वाटलं तर ते सगळ्यात आधी तुटतं.
६. परत करायची मुदत विचारून घ्या, कारण खरी परीक्षा तुमच्या खोलीतच होते.

घरी आणल्यावर खिडकीजवळची जागा शोधा, लागणाऱ्या स्टेशनांचे आकडे कागदावर लिहून सेटच्या मागे चिकटवा आणि सेलची एक जादा जोडी कपाटात ठेवा. सेट महिनाभर वापरला नाही तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून आतले पत्रे खातात. पावसाळ्याआधी एकदा सेलवर लावून बघितलं की लाईट गेल्यावर शोधाशोध नको.