एस्टोनियात काळ्या ब्रेडला इतका मान का? ताटात दिसणारा 700 वर्षांचा इतिहास

एस्टोनियात जेवायला बसलेल्यांना 'यात्कु लेइबा' म्हणायची पद्धत आहे. अर्थ असा, की तुमचा ब्रेड पुरत राहो. 'सावकाश जेवा' किंवा 'पोटभर जेवा' नाही, तर 'पुरत राहो'. या शुभेच्छेमागे शतकानुशतकांच्या टंचाईची आठवण आहे.

'लेइब' म्हणजे काय?

एस्टोनियन भाषेत ब्रेडसाठी दोन शब्द आहेत. गव्हाचा पांढरा ब्रेड म्हणजे 'साइ' आणि राय या धान्याचा काळा, आंबट ब्रेड म्हणजे 'लेइब'. राय म्हणजे आपली मोहरी नव्हे, ते गव्हासारखंच एक धान्य आहे. थंडी आणि हलकी जमीन त्याला चालते, म्हणून बाल्टिक समुद्राकाठच्या या देशात तेच मुख्य पीक ठरलं.

लेइबसाठी आधीच्या पिठाचं थोडं आंबवण राखून ठेवलं जातं. ब्रेडचा तुकडा खाली पडला, तर तो उचलून त्याचं चुंबन घेण्याची जुनी रीत होती.

जमीन एकाची, घाम दुसऱ्याचा

13व्या शतकात जर्मन धर्मयोद्धे आणि डॅनिश सैन्याने हा प्रदेश जिंकला. पुढे स्वीडनची सत्ता आली आणि 1710 मध्ये रशियाची. राज्यकर्ते बदलले, तरी बहुतेक जमीन जर्मन जमीनदारांकडेच राहिली. एस्टोनियन शेतकरी त्यांचे भूदास होते.

याचा परिणाम थेट ताटावर झाला. गव्हाचं पीठ, ताजं मांस, साखर, मसाले हे हवेलीत आणि शहरात. शेतकऱ्याच्या घरी राय, बार्ली, आंबट दूध, आंबवलेला कोबी आणि खारवलेले मासे. 1695 ते 1697 च्या दुष्काळात लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा दगावला. अशा काळात पिठात कोंडा आणि भुसा मिसळून ब्रेड केला जाई.

भूदासपद्धत 1816 आणि 1819 च्या कायद्यांनी संपली. पण शेतकऱ्याला स्वातंत्र्य मिळालं, जमीन नाही.

काहीच वाया घालवायचं नाही

डुक्कर कापलं की त्याचं रक्तही वापरायचं. त्यात बार्ली मिसळून केलेलं 'वेरीवोर्स्त' हे सॉसेज आजही नाताळच्या जेवणात असतं. सोबत आंबवलेला कोबी आणि रानातल्या लाल बोरांचा जॅम.

'कामा' म्हणजे भाजलेली बार्ली, राय, ओट्स आणि वाटाणा यांचं एकत्र पीठ. ते आंबट दुधात किंवा ताकात कालवलं की शिजवण्याची गरजच नाही.

19व्या शतकात बटाटा रुळला. मुल्गीमा भागात बटाटा आणि बार्ली एकत्र शिजवून घोटायची पद्धत पडली. या 'मुल्गी पुडेर'ची परंपरा 2024 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आली.

सोव्हिएत काळात काय झालं?

24 फेब्रुवारी 1918 ला एस्टोनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. जमीनदारांच्या मोठ्या इस्टेटी सरकारने ताब्यात घेतल्या आणि शेतकऱ्यांना जमीन वाटली. पण 1940 मध्ये सोव्हिएत संघाने देश गिळंकृत केला. मार्च 1949 मध्ये 20 हजारांहून अधिक लोकांना सायबेरियाच्या बाजूला हद्दपार करण्यात आलं. त्यानंतर उरलेल्यांनी भीतीपोटी आपली शेतं सामूहिक शेतीत दिली.

या काळात सेल्यांका सूप आणि शाश्लिक असे पदार्थ घरोघरी पोहोचले. दुकानात जे मिळत नसे, ते परसबागेतून आणि जंगलातून आणलं जाई. मशरूम आणि बोरं गोळा करून हिवाळ्यासाठी बरण्या भरण्याची सवय आजही आहे.

20 ऑगस्ट 1991 ला देशाने पुन्हा स्वातंत्र्य मिळवलं. आता दर 24 फेब्रुवारीला अनेक घरांत एकच पदार्थ असतो, 'किलुव्होइलेइब'. काळ्या ब्रेडच्या कापावर लोणी, वर खारवलेला छोटा किलू मासा आणि उकडलेलं अंडं. एकेकाळी शेतकऱ्याचं रोजचं खाणं असलेला लेइब आज देशाच्या वाढदिवसाला मानाने मांडला जातो.