पित्याच्या संघातून खेळणारे पुत्र

वडील ज्या संघातून गाजले त्याच संघातून कधी कधी मुलगाही खेळतो. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातून कार्लोस बूझर खेळले. पुढे त्यांचे जुळे मुलगे कॅमेरॉन आणि केडन तेथेच दाखल झाले. महाराष्ट्रातील ठळक उदाहरण मुंबईच्या मांजरेकरांचे. विजय मांजरेकर (५५ कसोटी, ३,२०८ धावा) १९८३ मध्ये वारले. त्यांचे पुत्र संजय मुंबईकडून रणजी खेळू लागले ते त्यानंतर. म्हणजे शिफारस करायला वडील नव्हते. १९९०-९१ च्या उपांत्य सामन्यात हैदराबादविरुद्ध काढलेल्या ३७७ धावा संजय यांच्या स्वतःच्याच.

आडनावामुळे संधी मिळते, हा आक्षेप निराधार नाही. पण आडनाव जागा टिकवून देत नाही. रोहन गावसकर वडिलांच्या मुंबईऐवजी बंगालकडून खेळले. अर्जुन तेंडुलकर २०२३ मध्ये वडिलांच्या मुंबई इंडियन्सकडून उतरले, तरी रणजी पदार्पण व त्यातील शतक गोव्याकडून. खरा वारसा लहानपणापासून मिळणारे मैदान आणि मार्गदर्शन हा आहे, आणि विषमताही तिथेच आहे. कारंजा (घाडगे) सारख्या गावातील शेतकऱ्याच्या मुलाला हा वारसा घरातून मिळत नाही. तो तालुक्याच्या मैदानावर, चांगल्या प्रशिक्षकाकडून मिळायला हवा.