कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेताय? महाड-पोलादपूरच्या रस्त्यांसाठी नेमकं काय बघायचं

पोलादपूरहून महाबळेश्वरला जायचं तर आंबेनळी घाट चढावा लागतो. साधारण ४० किलोमीटरच्या या रस्त्यात गाडी सुमारे १,३०० मीटर उंची गाठते. गाडीत पाच माणसं, मागे सामान, एसी सुरू आणि समोरच्या वळणावरून एसटी उतरतेय. अशा वेळी गाडीला सनरूफ आहे का, हा प्रश्न कोणाला पडत नाही. इंजिन ओढतंय का, एवढंच महत्त्वाचं असतं.

दहा-बारा लाखांची गाडी म्हणजे अनेक घरांसाठी पाच ते सात वर्षांचा हप्ता. निवड चुकली तर तितकी वर्षं तीच गाडी चालवावी लागते. त्यामुळे महाड, पोलादपूर आणि आसपासच्या वाड्यांमध्ये राहणाऱ्यांनी शोरूममध्ये जाण्याआधी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

कॉम्पॅक्ट एसयूव्ही म्हणजे काय?

चार मीटरपेक्षा कमी लांबीची, थोडी उंच आणि एसयूव्हीसारखी दिसणारी गाडी. टाटा नेक्सॉन, मारुती ब्रेझा, ह्युंदाई व्हेन्यू, किया सोनेट, महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ या सगळ्या याच गटातल्या.

चार मीटरची मर्यादा आली ती करामुळे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. त्यापेक्षा मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. ब्रेझा चार मीटरच्या आत बसते, पण तिचं पेट्रोल इंजिन १,४६२ सीसीचं असल्याने ती ४० टक्क्यांच्या गटात जाते.

नाव एसयूव्ही असलं तरी वर दिलेल्या सगळ्या गाड्यांची फक्त पुढची चाकं ओढतात. पावसाळ्यात लाल मातीच्या निसरड्या चढणीवर, मागे वजन असताना, पुढची चाकं जागेवर फिरू शकतात. घरापर्यंतचा रस्ताच कच्चा आणि चढणीचा असेल तर ‘एसयूव्ही आहे, चढेलच’ असं गृहीत धरू नये.

घाटासाठी कोणतं इंजिन?

जाहिरातीत पॉवरचा आकडा मोठा दिसतो. घाटात मात्र टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, आणि तो किती आरपीएमला मिळतो हे बघावं लागतं.

ब्रेझाचं साधं पेट्रोल इंजिन सुमारे १३७ न्यूटन-मीटर टॉर्क देतं, पण तो पूर्ण मिळतो चार हजार आरपीएमच्या पुढे. म्हणजे चढणीला गिअर खाली टाकून इंजिन जोरात फिरवावं लागतं. नेक्सॉनचं टर्बो पेट्रोल १७० न्यूटन-मीटर देतं. डिझेलमध्ये सोनेटला २५०, नेक्सॉनला २६० आणि ३एक्सओला ३०० न्यूटन-मीटर मिळतात, तेही साधारण दीड हजार आरपीएमपासून. भरलेली गाडी घाटात चढवताना हा फरक लगेच जाणवतो.

टर्बो पेट्रोलची एक सवय लक्षात ठेवावी. आरपीएम फार खाली गेला की क्षणभर गाडी मरगळते. तीव्र वळणावर वेळेत दुसरा, गरज पडल्यास पहिला गिअर टाकावा लागतो.

मग सगळ्यांनी डिझेलच घ्यावं का?

नाही. बीएस-६ डिझेल गाड्यांमध्ये धूर गाळणारा डीपीएफ फिल्टर असतो. त्यातली काजळी जळायला गाडी काही वेळ सलग, चांगल्या वेगात चालावी लागते. रोजची धाव घर ते महाड बाजारपेठ एवढीच असेल तर फिल्टर चोंदतो आणि वर्कशॉपची वारी सुरू होते. महाराष्ट्रात डिझेल गाडीला पेट्रोलपेक्षा दोन टक्के जास्त रोड टॅक्सही लागतो. महामार्गावर नियमित मुंबई-पुणे करणाऱ्यांना किंवा सतत घाट चढणाऱ्यांना डिझेल परवडतं.

सीएनजी खिशाला हलकी, पण जोर कमी होतो. ब्रेझा सीएनजीवर सुमारे १२१ न्यूटन-मीटरवर येते आणि तिची टाकी डिकीची बरीच जागा खाते. नेक्सॉन सीएनजीमध्ये टर्बो इंजिन आहे आणि दोन लहान टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्या आहेत, त्यामुळे सामानाला जागा उरते.

ग्राउंड क्लिअरन्स किती हवा?

कंपन्यांच्या आकड्यांनुसार ब्रेझाचा १९८, ३एक्सओचा २०१, सोनेटचा २०५ आणि नेक्सॉनचा २०८ मिमी. पण हे आकडे साधारणपणे रिकाम्या गाडीचे असतात. पाच माणसं आणि तांदळाची पोती चढली की गाडी खाली बसते. पाच-दहा मिमीच्या फरकावर गाडी ठरवण्यापेक्षा ती भरून खड्ड्यातून नेऊन बघितलेली बरी.

सुरक्षेचं काय?

१ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही देशी क्रॅश चाचणी सुरू झाली. नेक्सॉन आणि ३एक्सओ यांना तिथे पाच तारे मिळाले आहेत. ताऱ्यांसोबत ईएससी आणि हिल-होल्ड निवडलेल्या मॉडेलमध्ये आहेत का, हे तपासावं. ओल्या वळणावर गाडी घसरू नये म्हणून ईएससी, आणि चढणीवर थांबल्यावर ती मागे येऊ नये म्हणून हिल-होल्ड. एएमटी गिअरबॉक्स घेणाऱ्यांनी तर हिल-होल्डशिवाय गाडी घेऊ नये.

उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवले तर ते तापून निकामी होऊ शकतात. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरावं.

पुराचं पाणी आणि विमा

सावित्रीच्या काठच्या महाडने २२ जुलै २०२१ चा पूर पाहिला आहे. इथे गाडीसोबत विमा निवडणंही तितकंच गरजेचं. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर पुरात बुडालेल्या स्वतःच्या गाडीची भरपाई मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह विम्यात पुराचं नुकसान धरलं जातं, पण पाणी शिरून इंजिन खराब झालं तर तो दावा अनेकदा नाकारला जातो. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्शन’ हे जोड कव्हर वेगळं घ्यावं लागतं. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर इंजिनाचे भाग वाकतात आणि विमा कंपनीला नकाराचं कारण मिळतं.

सही करण्याआधी

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या सपाट रस्त्यावर संपवू नये. घरातली माणसं बसवून, एसी लावून आंबेनळीची पहिली काही वळणं चढून बघावीत. चढणीवर गाडी थांबवून पुन्हा उचलावी. घरातल्या वयस्कर माणसांना चढ-उतार करता येतो का, मागे तिघं नीट बसतात का, हेही तेव्हाच कळतं. त्या कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर महाडमध्ये आहे, की माणगाव-चिपळूण गाठावं लागेल, हे विचारून घ्यावं.

बजेट अपुरं पडत असेल तर सनरूफ आणि मोठी स्क्रीन सोडून खालचं मॉडेल घ्यावं, पण इंजिन आणि सुरक्षेत तडजोड करू नये. स्क्रीन नंतर बाहेरून बसवता येते, इंजिन बदलता येत नाही.