शिवकालातली तुतारी कशी वाजत असेल?

१/ मालिकेत, मिरवणुकीत, लग्नमंडपात तुतारी फुंकली जाते आणि अंगावर रोमांच उभे राहतात. पण १७व्या शतकात ती अशीच वाजत असे काय? ध्वनिमुद्रण नसलेल्या काळाचा नाद शोधण्यासाठी चार साक्षीदार तपासू.

२/ पहिला साक्षीदार खुद्द वाद्य. तुतारीला छिद्रे नाहीत, कळा नाहीत. निमुळती धातूची नळी आणि वादकाचे ओठ, एवढेच. ओठ आवळत नेले की मूळ स्वराच्या ढोबळमानाने दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे स्वर उमटतात: सा, वरचा सा, त्यावरचा प, पुन्हा सा.

३/ म्हणजे खालच्या पट्टीत सलग सरगम निघणे अशक्य. ट्रंपेटला सर्व स्वर देणाऱ्या झडपा १९व्या शतकाच्या आरंभी जर्मनीत आल्या. शिवकालीन दृश्यामागे तुतारी संथ, सलग सुरावट आळवू लागली, तर तो आवाज बहुधा ट्रंपेटचा किंवा कीबोर्डचा समजावा.

४/ दुसरा साक्षीदार लिखित. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजल नगारखान्याची वाद्ये नोंदवतो: कर्णे ४ हून कमी कधी वाजवीत नसत; गाईच्या शिंगाच्या आकाराची पितळी शिंगे २ मिळून फुंकीत. नोंद मोगल दरबाराची आहे, हे ध्यानी ठेवावे. पण नगारखाना मराठ्यांकडेही होता; रायगडावर राजसभेच्या प्रवेशाशी त्याची इमारत आजही उभी आहे. एकट्या तुतारीचे आपले चित्र इथे डळमळते.

५/ तिसरा साक्षीदार इतरांचा अनुभव. १९३९ साली बीबीसीवर तुतानखामेनच्या थडग्यातील ३,००० वर्षांहून जुने कर्णे वाजवले गेले. जगाने श्वास रोखून ऐकले. परंतु वादकाने आधुनिक मुखनळी वापरली होती. मग ऐकू आले ते प्राचीन इजिप्त की विसावे शतक? वाद्य अस्सल असले म्हणून नाद अस्सल ठरत नाही.

६/ चौथा साक्षीदार जिवंत आहे: देवळांत आणि पालख्यांपुढे शिंग-तुतारी फुंकणारे पिढीजात वादक. मंडप आणि ध्वनिक्षेपकाने त्यांचे वादनही बदलले असणार, म्हणून त्यांची साक्ष इतर तिघांशी ताडून घ्यावी. मात्र श्वास कुठे घ्यावा, पहिला फुंकर कसा टाकावा, हे कोणत्याही बखरीत सापडायचे नाही.

७/ मी हे जवाहरनगरहून लिहितो आहे. आमचा भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. पत्रा कापणे, ठोकणे, सांधा जुळवणे हे कौशल्य तुतारीलाही लागते. सांध्यातून हवा निसटली की स्वर बिघडतो. वादकासोबत घडवणारा कारागीरही याच इतिहासाचा भाग आहे.

८/ म्हणून एक विनंती. तुमच्या गावच्या जत्रेत तुतारीवादक भेटले, तर सेल्फीपुरते थांबू नका. परवानगी घेऊन वादन ध्वनिमुद्रित करा, वाद्याची लांबी मोजा, कोणाकडून शिकलात ते विचारा आणि योग्य मानधन द्या. कागद दप्तरखान्यात शतकभर टिकतो. श्वासातली विद्या माणसासोबत जाते.